पियानोवर एक रचना शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं पाश्चात्त्य अभिजात पियानो वाजवते आहे, काही काळापासून शिकवतेही. शिकणारे, त्यांच्या घरचे, कार्यक्रमानंतर भेटायला येणारे, सगळे फिरून त्याच प्रश्नांवर येतात. तोंडी उत्तर देताना काही ना काही राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. ही माझ्या अनुभवातून आलेली मतं आहेत. दुसरा वादक यातल्या काही गोष्टी अगदी उलट सांगेल, त्याचंही ऐकावं.

एक रचना शिकायला किती दिवस लागतात?

स्वर हाताखाली यायला लागणारा वेळ वेगळा आणि रचना यायला लागणारा वेळ वेगळा. शोपाँचा ई मायनर प्रेल्यूड (छोटी स्वतंत्र रचना) घ्या, ओपस २८ मधला, म्हणजे त्याच्या २८ क्रमांकाच्या संग्रहातला, चौथा. सगळे मिळून २५ बार, म्हणजे मात्रांचे ठरावीक गट. उजव्या हाताला एक लांबट, फारशी न हलणारी धून, डाव्या हाताला एकाच ठेक्यात पडत राहणाऱ्या कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गट. मी तो पहिल्यांदा बसवला तेव्हा चौदा वर्षांची होते. आठवड्यात स्वर वाचून झाले आणि मी माझ्या पियानोच्या बाईंना सांगितलं, ‘झाला बसवून.’ त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘डाव्या हातात काय बदलत गेलं?’

मला सांगता येईना. त्या कॉर्डमधला कधी हा, कधी तो स्वर अर्ध्या स्वराने खाली सरकतो आणि बाकीचे बहुधा जागच्या जागी राहतात. वरची धून दोन स्वरांत घुटमळत असते आणि तिच्या पायाखालची जमीन हळूहळू खचत जाते. सगळा प्रेल्यूड यावर उभा आहे. आठवडाभर मी हेच वाजवत होते, पण ऐकलेलं नव्हतं.

तेव्हापासून माझा हिशोब असा: दोन पानांच्या रचनेचे स्वर दोन आठवड्यांत येतात, ती लोकांसमोर वाजवण्याजोगी व्हायला तीन-चार महिने लागतात, आणि मध्ये एकदा तरी ती पूर्ण बाजूला ठेवावी लागते. बाजूला ठेवलेल्या काळातही काहीतरी मुरत असतं. महिनाभराने परत हात ठेवला की आधी अडणारी जागा कित्येकदा आपोआप सुटलेली असते.

नवी रचना घेतली की पहिल्या दिवशी काय करता?

पियानोचं झाकण उघडत नाही. कागद आणि पेन्सिल घेऊन बसते आणि वाचते. रचना कुठल्या स्केलमध्ये, म्हणजे कुठला स्वर घर धरून, सुरू होते, मध्येच कुठे भटकते, घरी कधी परतते, कुठला भाग पुन्हा येतो आणि पुन्हा येताना त्यात काय वेगळं असतं, त्या जागांवर खुणा करते. सगळ्यात उंच जागा कुठली आणि तिथे पोचायला संगीतकाराने किती वाट पाहायला लावली आहे, हेही बघते.

बाखचा सी मेजर प्रेल्यूड यासाठी फार चांगला आहे. बाखने १७२२ साली चोवीसही स्केलमध्ये एकेक प्रेल्यूड आणि एकेक फ्यूग (एकच विषय वेगवेगळ्या आवाजांत फिरवणारी रचना) असा संग्रह तयार केला, ‘वेल टेम्पर्ड क्लॅव्हियर’. त्याचा पहिला भाग या प्रेल्यूडने सुरू होतो. एकूण ३५ बार, आणि अगदी शेवटचे सोडले तर प्रत्येक बारात एकच कॉर्ड, सुटी सुटी करून दोनदा वाजवलेली. मी आधी ते सुटे स्वर पुन्हा गोळा करते. प्रत्येक बाराला एक कॉर्ड, सगळे स्वर एकदम, दाबून धरायची आणि ऐकायची. अशा पस्तीस कॉर्ड ओळीने वाजवल्या की रचनेचा सांगाडा कानाला दिसायला लागतो. कुठे ताण चढतो, कुठे सुटतो ते कळतं. शेवटाकडे खालचा जी आठ बार जागचा हलत नाही, वरचे स्वर मात्र अस्वस्थ होत राहतात. मग तो सी वर उतरतो आणि शेवटचे चार बार तिथेच थांबतो. ज्याने कॉर्ड ऐकल्या आहेत त्याच्या हातून ते उतरणं वेगळं वाजतं. ज्याने फक्त सुटे स्वर पाठ केले आहेत तो तिथून सरळ निघून जातो, कारण बोटांच्या दृष्टीने तिथे काहीच अवघड नाही.

दोन्ही हात आधी वेगवेगळे बसवायचे की एकदम?

वेगवेगळे, आणि डावा आधी. उजव्या हाताकडे बहुधा धून असते, त्यामुळे कान आपोआप तिकडे जातो आणि डावा हात पोरका राहतो. तो आधी बसवला की त्याला स्वतःचा आवाज मिळतो.

मात्र वेगवेगळं वाजवण्याची सवयही जडू नये. महिना महिना एकेक हात घोटणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांचे दोन हात शेवटी दोन अनोळखी माणसांसारखे एकमेकांसमोर येतात. दोन बार वेगवेगळे झाले की लगेच ते दोन बार एकत्र, मग पुढचे दोन, असं मी करते.

दोन हात खरोखर दोन आवाज, म्हणजे दोन स्वतंत्र चालणाऱ्या धुना, आहेत हे शिकायला बाखच्या पंधरा दोन-आवाजी इन्व्हेन्शन्सना तोड नाही. १७२३ सालच्या प्रतीच्या सुरुवातीला त्याने हेतू लिहून ठेवला आहे: दोन आवाज स्वच्छ वाजवता यावेत आणि मुख्य म्हणजे गाण्यासारखं वाजवण्याची शैली हातात यावी. बोटांच्या व्यायामासाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या या रचनांच्या मुळाशी गाणं आहे. मी विद्यार्थ्यांना एक आवाज वाजवायला लावते आणि दुसरा गायला. सुरुवातीला जमत नाही. ज्या दिवशी जमतं त्या दिवसापासून त्यांचा डावा हात बदलतो.

एका हाताला तीन आणि दुसऱ्याला चार स्वर एकाच वेळात बसवायचे असतील, जसं शोपाँच्या फँटसी-इम्प्रोम्प्ट्यूत सतत होतं, तर मोजून फार काळ चालत नाही. संथ लयीत एकदा हिशोब समजून घ्या. मग प्रत्येक हात स्वतंत्रपणे इतका पक्का करा की एकाला दुसऱ्याकडे पाहावं लागणार नाही, आणि मग फक्त मात्रेच्या पहिल्या स्वरावर दोघांना भेटू द्या. मध्ये काय होतं याची चौकशी करू नका.

हळू वाजवा, हळू वाजवा असं सगळे सांगतात. हळू म्हणजे किती? आणि का?

हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न, म्हणून जरा लांबून येते.

इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास पियानो घडवला. त्यातली खरी युक्ती अशी की हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे सरते, तारेला चिकटून राहत नाही. पट्टी दाबली की हातोडी उसळते, आणि तारेवर पोचण्याच्या जरासं आधी पट्टीचा आणि तिचा संबंध सुटलेला असतो. उरलेलं अंतर ती एकटी, दगड भिरकावल्यासारखी जाते. पट्टी खाली जाते जेमतेम एक सेंटिमीटर. आपलं सगळं कसब त्या एका सेंटिमीटरात, हातोडी किती वेगाने सुटते एवढ्यावर. एकदा ती लागली की त्या स्वराचं आपण काहीच करू शकत नाही, फक्त तो कधी बंद करायचा ते ठरवू शकतो.

म्हणजे पियानोचा स्वर जन्मला की त्याच क्षणापासून विझायला लागतो. व्हायोलिन वाजवणारा गज ओढून स्वर फुलवू शकतो, गाणारा श्वासाने भरू शकतो. पियानोवर तसं होत नाही. तरीही धून सलग, गायल्यासारखी वाटायला हवी असते. ते कसं साधतं? आधीचा स्वर विझत विझत जिथवर आला आहे, त्याच उंचीवर पुढचा स्वर अलगद ठेवायचा. जास्त जोरात ठेवला तर धून तुटते, पुन्हा पुन्हा नव्याने सुरू झाल्यासारखी वाटते. हे करायचं तर आधीचा स्वर कुठवर आला आहे ते ऐकू यायला हवं. ऐकायला वेळ लागतो. तो वेळ मिळावा म्हणून हळू वाजवायचं.

म्हणून माझं माप असं: पुढचा स्वर वाजण्याआधी मनात ऐकू येईल इतकं हळू. ते कुणासाठी मूळ लयीच्या निम्मं असेल, कुणासाठी पाव.

घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगते. मधल्या सी ची, म्हणजे पियानोच्या साधारण मध्यावरच्या सी स्वराची, पट्टी दाबा आणि आवाज पूर्ण थांबेपर्यंत बोट उचलू नका. बहुतेकांना वाटतं त्याहून पुष्कळ वेळ तो स्वर जिवंत असतो. मग खूप खालचा एक स्वर असाच ऐका, मग खूप वरचा. खालचा कितीतरी वेळ घुमत राहतो, वरचा डोळा मिटेपर्यंत संपतो. अगदी वरच्या साधारण दीड सप्तकाच्या तारांना तर आवाज थांबवणारी डॅम्परची गादीसुद्धा नसते, कारण तिथे तिची गरजच पडत नाही. म्हणजे धून वर चढते तेव्हा स्वर लवकर विझतात आणि त्यांना जास्त आधार लागतो. हे कुठल्या नियमावरून पाठ करण्यापेक्षा एका संध्याकाळी कानाने ऐकलं की कायमचं राहतं.

दुसरं कारण बोटांचं. चूक काय नि बरोबर काय हे बोटांना कळत नाही. जे जास्त वेळा केलं तेच त्यांना खरं वाटतं. पाच वेळा चुकीचं आणि सहाव्यांदा बरोबर वाजवून आपण समाधानाने उठतो, पण बोटांच्या हिशोबी चूक पाचाला एकने जिंकलेली असते.

हळू वाजवण्यात एक धोका मात्र आहे. हळू वाजवताना आपण हाताच्या अशा हालचाली करतो ज्या जलद लयीत शक्यच नसतात: बोट फार उंच उचलणं, मनगट प्रत्येक स्वराला वेगळं वळवणं. मग लय वाढवली की सगळं कोसळतं. म्हणून द्रुत जागांसाठी मी दुसरं करते. चार स्वर खऱ्या लयीत, मग पूर्ण थांबा, ऐका, हात सैल. मग पुढचे चार. मग हळूहळू ते तुकडे जोडायचे. वेग खरा, पण विचार करायला मध्ये जागा.

‘फ्यूर एलिझ’ने सुरुवात करू का?

खूप जण बीथोव्हेनच्या याच रचनेच्या ओढीने पियानोकडे येतात. ती ओढ खरी आहे आणि तिचा मान ठेवायला हवा. पण ही रचना सुरुवातीची नाही. सगळ्यांच्या कानात असलेला पहिला भाग सोपा आहे. त्यानंतर एफ मेजरमध्ये जलद स्वरांची एक जागा येते, आणि पुढे डाव्या हातात खालचा ए धडधडत राहतो त्यावर तणावाच्या कॉर्ड येतात. पुष्कळ जण तिथे थांबतात आणि आयुष्यभर पहिलंच पान वाजवतात.

हस्तलिखितावर २७ एप्रिल १८१० अशी तारीख होती असं सांगतात. रचना छापली गेली १८६७ साली, बीथोव्हेन जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर. छापलेली प्रत ज्या हस्तलिखितावरून केली ते आज हाती नाही, आणि ही एलिझ कोण यावर एकमत झालेलं नाही. सुरुवातीला लयीची सूचना आहे ती थोड्याशाच गतीची, आणि आवाजाची सूचना अत्यंत हळू आवाजाची. आपण ऐकतो ती बहुधा याहून जलद आणि जोरकस असते.

मग सुरुवातीला काय वाजवावं?

ज्या लहान रचना मोठ्या वादकांनाही पुरून उरतात त्या. शूमानने १८४८ साली मुलांसाठी ४३ छोट्या रचनांचा संग्रह केला, ओपस ६८. त्यातल्या पहिल्या काही अगदी नवख्या हातांना जमतात. बाखची पत्नी आना माग्दालेना हिच्या १७२५ च्या वहीतला जी मेजर मिन्युएट आहे. तो पिढ्यान् पिढ्या बाखचा म्हणून शिकवला गेला, प्रत्यक्षात तो ख्रिस्तियान पेट्झोल्डचा आहे. संगीतकाराचं नाव बदललं म्हणून त्याची गोडी कमी झालेली नाही. थोडा हात बसल्यावर शोपाँचा ए मेजर प्रेल्यूड, फक्त १६ बारांचा.

आणि मोझार्टचा सी मेजर सोनाटा (अनेक भागांची रचना), के. ५४५; के. हा मोझार्टच्या रचनांना नंतर दिलेला क्रमांक. १७८८ सालचा. मोझार्टने स्वतःच्या यादीत नवशिक्यांसाठी छोटा सोनाटा अशीच त्याची नोंद केली आहे. ‘सोपं’ या शब्दाबद्दल माझं मत या सोनाट्याने घडवलं. यात नुसत्या सरळ सरगमी आहेत, डाव्या हाताला साध्या, सुट्या सुट्या केलेल्या कॉर्ड. पण लपायला जागा नाही. एक स्वर किंचित जड पडला तरी तो काचेवरच्या डागासारखा दिसतो. मी तो दहाव्या वर्षी वाजवला होता. आज वाजवायचा म्हटलं तर मला आधीचे दोन महिने मोकळे हवेत.

बीथोव्हेनच्या मूनलाइट सोनाट्याचा पहिला भाग वाचायला सोपा वाटतो, मग वाजवल्यावर तसा का वाटत नाही?

कारण तिथे तीन वेगवेगळे आवाज आहेत आणि त्यातले दोन एकाच हातात. खाली संथ सरकणारा बास, मध्ये न थांबणारे तीन-तीन स्वरांचे गट, आणि वर फार थोडक्या स्वरांची धून. वरची धून आणि मधले गट दोन्ही बव्हंशी उजव्या हाताकडे. करंगळीने गायचं आणि त्याच हाताच्या बाकी बोटांनी कुजबुजायचं.

मी ते असं बसवलं. आधी फक्त बास आणि धून, मधले स्वर पूर्ण वगळून. ही रचना इतकी रिकामी असू शकते हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला धक्का बसला होता. मग मधले गट कॉर्ड म्हणून एकत्र दाबून. आणि मग धून वाजवताना मधल्या स्वरांच्या पट्ट्यांवर बोटं फक्त टेकवायची, आवाज काढायचा नाही. शेवटी आवाज येऊ द्यायचा, पण हात अजूनही तो येणार नाही असंच समजत असतो.

लयीबद्दल एक गोष्ट नजरेतून सुटते. हा भाग संथ आहे, पण बारात मात्रा दोन मोजायच्या आहेत, चार नाही. चार मोजल्या की तो रेंगाळतो आणि धुनीचा श्वास तुटतो.

पेडल, म्हणजे पायाने दाबून डॅम्पर तारांवरून उचलणारी दांडी, तिचं काय करायचं हा खरा पेच. बीथोव्हेनने लिहिलं आहे की हा पूर्ण भाग अत्यंत नाजूकपणे आणि डॅम्परशिवाय वाजवावा, म्हणजे पेडल दाबलेलंच. हे १८०१ साली, त्या काळच्या पियानोसाठी. त्यावर स्वर लवकर विझायचे, त्यामुळे एका कॉर्डचा धूर दुसरीत मिसळला तरी तो विरून जायचा. आजच्या पियानोवर स्वर पुष्कळ जास्त टिकतो. अक्षरशः तसं केलं तर चार बारांत सगळा चिखल होतो. स्वच्छ बदलत राहिलं तर बीथोव्हेनला हवं असलेलं धुकं जातं. मी कॉर्ड बदलली की पेडल पूर्ण न उचलता अर्ध्यावर आणते, म्हणजे आधीचं थोडं मागे राहतं. किती, ते त्या दिवशीचा पियानो आणि ती खोली ठरवते. याचं उत्तर मला पायाने नाही, कानानेच मिळतं.

नावाबद्दलही नेहमी विचारतात. चंद्रप्रकाश बीथोव्हेनच्या डोक्यात होता की नाही ते त्याने लिहिलेलं नाही. त्याने याला ‘जवळजवळ फँटसीसारखा सोनाटा’ म्हटलं. चांदण्याची उपमा रेल्श्टाब या समीक्षकाने दिली, बीथोव्हेनच्या मृत्यूनंतर. मी शिकवताना हे नाव बाजूला ठेवते. चांदणं मनात धरलं की हात फार गोड वाजवायला लागतात, आणि ही रचना मला गोड वाटत नाही.

कुठली आवृत्ती विकत घ्यावी?

‘ऊर्टेक्स्ट’ लिहिलेली, म्हणजे जी संगीतकाराच्या हस्तलिखिताशी आणि पहिल्या छपाईशी ताडून तयार केली आहे. बाखने वर सांगितलेल्या सी मेजर प्रेल्यूडमध्ये जोरात-हळूच्या खुणा केलेल्या नाहीत. जुन्या आवृत्त्यांत दिसतात त्या संपादकांच्या. इतकंच काय, त्याच प्रेल्यूडच्या काही जुन्या आवृत्त्यांत २२ आणि २३ व्या बाराच्या मध्ये बाखने न लिहिलेला एक आख्खा बार घुसवलेला आहे. गुनो या संगीतकाराने याच प्रेल्यूडवर आपली प्रसिद्ध धून चढवली तीही तो जादा बार धरून. तुमच्या प्रतीत ३६ बार असतील तर तो शोधून काढा.

फिंगरिंग, म्हणजे कुठल्या स्वराला कुठलं बोट, मात्र छापलेलं आहे म्हणून पवित्र मानू नका. संपादकाचा हात आणि तुमचा हात वेगळा. पण एकदा ठरवलं की कागदावर लिहा आणि रोज तेच वापरा.

हानोन, चेर्नी यांचे बोटांचे व्यायाम करायलाच हवेत का?

हानोनचे ६० व्यायाम १८७३ पासून चालत आले आहेत आणि त्यांनी ज्यांचं भलं झालं असे वादक आहेत. मी विद्यार्थ्यांना देत नाही. कान बंद ठेवून तासभर बोटं हलवता येतात ही सवय त्यातून लागते असा माझा अनुभव आहे. चेर्नीचं वेगळं. तो बीथोव्हेनचा शिष्य आणि लिस्टचा गुरू होता, त्याच्या रचनांत निदान संगीत आहे.

व्यायाम हवाच असेल तर तुमच्या रचनेतली अडलेली जागा घ्या आणि तिचाच व्यायाम करा: ताल बदलून, उलट्या दिशेने, दुसऱ्या स्केलमध्ये. सरगमींची सुरुवात शोपाँ सी मेजरने करत नसे, बी मेजरला पसंती देई. त्यात लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आणि अंगठा पांढऱ्यावर पडतो, म्हणजे हात आपल्या नैसर्गिक आकारात बसतो. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचं सी मेजर दिसायला सोपं, हाताला नाही.

मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र) वापरावा का?

तपासायला वापरावा, त्याच्यासोबत राहायला नको. कुठे पळतो आणि कुठे रेंगाळतो ते तो नेमकं दाखवतो. एकदा दिसलं की बंद करा.

छापलेल्या आकड्यांकडेही डोळसपणे पाहा. शूमानच्या ‘ट्रॉयमराय’वर मिनिटाला १०० मात्रा असा आकडा आहे, आणि बहुतेक वादक ती त्याहून बरीच संथ वाजवतात. मी एकदा खरोखर १०० वर वाजवून पाहिली. त्या लयीत नेहमी ठेवणार नाही, पण धुनीची लांब कमान मला पहिल्यांदा तिथे दिसली, आणि नंतर संथ वाजवतानाही ती हातातून गेली नाही.

शिकताना रेकॉर्डिंग ऐकावं का?

रचना निवडताना ऐका. मग स्वर बसेपर्यंत ऐकू नका. मग पुन्हा ऐका, पण एक नाही, किमान तीन. एकच ऐकलं की तेच बरोबर वाटायला लागतं.

ग्लेन गूल्ड या पियानोवादकाने बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स १९५५ साली ध्वनिमुद्रित केली आणि पुन्हा १९८१ साली. पहिलं मुद्रण सुमारे ३८ मिनिटांचं, दुसरं ५१ च्या आसपास. दुसऱ्या खेपेला त्याने काही भाग दोनदा वाजवले हे खरं, पण नुसती सुरुवातीची आरिआ ऐका. पहिल्यात ती दोन मिनिटांच्या आत संपते, दुसऱ्यात तीन मिनिटं ओलांडते. एकच माणूस, तीच पानं. माझ्या एका विद्यार्थिनीने दोन्ही लागोपाठ ऐकून विचारलं, ‘मग खरी कुठली?’ तिला मी दोन्हींमधला बास लिहून काढायला सांगितला. पुढच्या आठवड्यात ती वही घेऊन आली तेव्हा तो प्रश्न तिच्याकडे उरलेला नव्हता.

पाठ वाजवणं गरजेचं आहे का? मध्येच विसरलं तर?

मी विसरले आहे, लोकांसमोर. सी मेजर प्रेल्यूडनंतरची फ्यूग होती, २७ बारांची, चार आवाजांची. फ्यूगमध्ये एकच विषय वेगवेगळ्या आवाजांत पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी वेगळीकडे नेतो. माझी बोटं एका प्रवेशावरून थेट दुसऱ्या, तशाच दिसणाऱ्या प्रवेशावर उडाली. मधले काही बार गेले. मी थांबले, आणि पुन्हा कुठून सुरू करायचं ते मला माहीत नव्हतं. शेवटी पहिल्यापासून वाजवली. त्या संध्याकाळची शांतता अजून आठवते.

घरी येऊन पाहिलं तेव्हा कारण सरळ होतं. ती फ्यूग फक्त बोटांना पाठ होती. बोटांची स्मृती साखळीसारखी असते, एक कडी निसटली की पुढचं काही हाती लागत नाही. तेव्हापासून मी रचनेत ठिकठिकाणी आकडे घालते आणि कुठल्याही आकड्यापासून सुरू करता येतं का ते बघते. शेवटच्यापासून मागे येत येत. डावा हात एकटा पाठ वाजवते. आणि पियानोपासून लांब बसून, डोळे मिटून, पूर्ण रचना मनात ऐकते. जिथे मनातलं ऐकणं धूसर होतं ती जागा मंचावर निसटणार हे नक्की समजा.

पाठ वाजवणं हा मुळात जुना नियम नाही. पियानोवादक क्लारा व्हीकने, पुढच्या क्लारा शूमानने, आणि लिस्टने ही पद्धत रूढ केली, आणि तेव्हा काहींना तो उद्धटपणा वाटला. उलट पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टर उतारवयात नोटेशन समोर ठेवून, छोट्याशा दिव्याच्या उजेडात वाजवत असे. कागद समोर असल्याने संगीत कमी होत नाही. पाठ करताना रचना जितकी आतून कळते तेवढ्यासाठी मी पाठ करते, मंचावर कागद ठेवायचा की नाही ते नंतर ठरवते.

वाजवताना हात दुखतो. सवय होईल का?

नाही. थांबा. थकवा वेगळा, दुखणं वेगळं. दुखत असताना वाजवलेला एकही बार उपयोगाचा नसतो. दोन-तीन दिवस विश्रांती घेऊनही दुखणं थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, शिक्षकाचं मत त्यानंतर. शूमानला विशीतच उजव्या हाताच्या बोटाने दगा दिला आणि वादक होण्याचं स्वप्न सोडावं लागलं. कारणांबद्दल मतभेद आहेत, पण बोट कामातून गेलं ते गेलं. बसण्याची उंची, वर ओढलेले खांदे आणि रोखून धरलेला श्वास, या तीन गोष्टी आधी तपासा.

डिजिटल पियानोवर शिकता येईल का?

येईल. पूर्ण ८८ पट्ट्या, हातोडीचं वजन जाणवणारी पट्टी आणि अर्ध्यावर थांबू शकणारं पेडल एवढं असावं. स्वर विझताना ऐकण्याचा जो प्रयोग वर लिहिला तो मात्र मधून मधून खऱ्या पियानोवर करत राहा.

उशिरा सुरुवात केली तर?

करा. मोठ्या माणसाला वाट पाहणं जमतं, मुलांना ते शिकवावं लागतं.

तुम्ही सोडून दिलेली रचना कुठली?

शोपाँचा जी मायनर बॅलाड. तीनदा घेतला, तीनदा ठेवला. शेवटचा आगीसारखा भाग, प्रेस्तो कॉन फुओको, माझ्या हातात दर वेळी नुसता वेग होऊन बसला. पहिल्या दोन वेळी मला वाटलं बोटं कमी पडतात, म्हणून वर्षभर बोटांवर काम केलं. तिसऱ्यांदा लक्षात आलं की अडचण त्याच्या आधीच्या पानांत आहे. तिथे मी सगळा आवाज आधीच खर्च करत होते, त्यामुळे शेवटी वाढायला जागाच उरत नव्हती. कारण कळलं तेव्हा हातात दुसरी कामं होती. चौथ्यांदा घेईन तेव्हा पहिल्या पानाचा आवाज बराच कमी करून सुरुवात करेन.

जुन्या रचना पुन्हा वाजवता का? त्यात नवीन काय मिळतं?

वर्षातून एकदा मी ई मायनर प्रेल्यूड काढते. तीच जुनी प्रत, बाईंच्या आणि माझ्या पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. एका वर्षी फक्त शेवटावर राहिले होते. तिथे एक कॉर्ड येते, तिच्यानंतर विरामावर थांबण्याची खूण आहे, आणि मग अगदी हळू आवाजात शेवटच्या तीन कॉर्ड. तो विराम मी बरीच वर्षं मोजत असे. आता मोजत नाही, खोलीतला आवाज पूर्ण निवेपर्यंत हात मांडीवर ठेवते.

या वर्षी काढली तेव्हा बाईंचा तो प्रश्न पुन्हा आठवला, डाव्या हातात काय बदललं. आजवर मी कॉर्डमधला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर ऐकत आले होते, कारण कडेचे स्वर सहज ऐकू येतात. मधला स्वर कधी सरकतो ते मला वाचून माहीत होतं, कानाने नाही. म्हणून गेले काही दिवस उजवा हात पूर्ण बंद ठेवला आहे. डाव्या हाताने कॉर्ड वाजवते आणि फक्त मधला स्वर गाते. काल सहाव्या बारापर्यंत आले, तिथे आवाज चुकला. आज पुन्हा पहिल्या बारापासून.